सदतिसावं पाकीट

त्या सोमवारी सकाळी नऊ वाजता सूनबाईने स्वयंपाकघरातला नळ पान्याने पिळून तोडला, कारण तो गळत नव्हता.

गळायला हवा होता. सासऱ्यांच्या पत्रात तसं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "आज स्वयंपाकघरातला नळ गळू लागला. प्लंबरला निरोप धाडला आहे." पत्रावर त्याच दिवसाची तारीख होती, पाकिटावर पत्ता होता, नोंदवहीत क्रमांक पडला होता. एवढं सगळं झाल्यावर नळच तेवढा हटून बसला होता.

"गळतोय का?" बाहेरच्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं.

"धो धो!" बाह्या पिळत सूनबाई ओरडली.

"पत्रात नुसता गळतो असं आहे."

तिने ओट्याखालचा कॉक अर्धा बंद केला. नळ मजकुराबरहुकूम टपटपू लागला आणि सासऱ्यांनी समाधानाने पाकिटाला गोंद लावला.

सासऱ्यांना सगळी गल्ली जावकसाहेब म्हणे. एका मोठ्या कचेरीत अडतीस वर्षं त्यांनी जावक टेबल सांभाळलं होतं. जावक म्हणजे बाहेर जाणारं टपाल. आत येणारं ते आवक. ते पलीकडच्या टेबलावर दुसरा कोणी बघायचा, आणि त्याच्याशी जावकसाहेबांचा संबंध लोणच्याची फोड मागण्यापुरताही नव्हता.

त्या कचेरीची एक रीत होती. साहेब लोक पत्र लिहायला उशीर करत आणि तारीख मात्र जुनी हवी म्हणत. म्हणून जावकसाहेब सकाळीच नोंदवहीत दहाबारा क्रमांक कोरे राखून ठेवत, पाकिटांवर पत्ते घालत, तारखेचे शिक्के मारत. मजकूर मागाहून येई, कधी दोन दिवसांनी, कधी महिन्याने, आणि राखलेल्या जागेत गुमान जाऊन बसे. अडतीस वर्षं हेच बघितल्यावर माणसाची समजूत होणारच की तारीख आणि पत्ता हीच काय ती खरी गोष्ट, जगात बाकी जे घडतं ते त्यात नंतर भरायचं असतं.

निवृत्तीनंतर सगळे पत्ते सुटले आणि एकच उरला, थोरल्या बहिणीचा. ताई पाच तासांवरच्या गावात एकटी राहायची. तिला दर सोमवारी एक पत्र जाई. पण यंदा जानेवारीत जावकसाहेबांचा हात दुपारनंतर थरथरू लागला. अक्षर बिघडण्याआधी काम उरकावं म्हणून त्यांनी बावन्न पाकिटं आणवली आणि जेवणाच्या टेबलावर बसून नऊ दिवसांत वर्षभराची पत्रं लिहून टाकली. आधी तारीख, मग पत्ता, मग मजकूर. मग ती ओळीने बुटाच्या खोक्यात उभी केली आणि खोकं सूनबाईच्या हाती दिलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि दुकानाला सुट्टी सोमवारी असे, म्हणून.

"वर्षभर काय काय होणार ते तुम्हाला आत्ताच कसं कळलं, बाबा?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"घरात होऊन होऊन काय होणार? नळ, ताप, मांजर. अंदाज असतो माणसाला."

इथवर ठीक होतं. घरोघरी मातीच्या चुली. कुणाचा सासरा काय करतो, कुणाचा काय. पण पाकीट बंद करण्याआधी कचेरीत जुळवणी व्हायची. मजकूर वस्तुस्थितीशी जुळतो की नाही हे बघितल्याशिवाय पत्र बाहेर पडत नसे. खोटं पत्र जावकसाहेबांच्या टेबलावरून अडतीस वर्षांत एकदाही गेलं नव्हतं. आणि लिहिलेल्यात खाडाखोड करायची नाही, ही तर काळ्या दगडावरची रेघ. मजकूर हलायचा नाही म्हटल्यावर हलायचं कोणी? वस्तुस्थितीने. म्हणजे सूनबाईने.

सहाव्या सोमवारी पत्रात होतं, "चिरंजीवांना ताप आहे." चिरंजीव म्हणजे तिचा नवरा. विमा कचेरीत जायचा, नाकासमोर चालायचा आणि आजारी म्हणून कधी पडायचा नाही. तिने त्याला दोन रजया गुंडाळून गॅससमोर बसवला. तास-दीड तासाने थर्मामीटरचा पारा कसाबसा शंभरापर्यंत गेला. "आकडा लिहिलेला नाही, चालेल," जावकसाहेब म्हणाले आणि गोंदाची बाटली उघडली.

अकराव्या सोमवारी, "समोरच्या काकांनी मांजर पाळलं." समोरच्या काकांना मांजराचं नाव काढलं तरी शिंका यायच्या. सूनबाई पिशवीत एक पिल्लू घालून त्यांच्या दारात उभी राहिली.

"फक्त आजचा दिवस, काका. पत्र जाईपर्यंत."

"अगं, पण माझा काय संबंध तुमच्या पत्राशी?"

"तुम्ही त्यात आहात ना!"

काकांनी पिशवी आत घेतली. गुरुवारी ते पिल्लाला चमच्याने दूध पाजताना दिसले आणि पुढच्या महिन्यात गल्ली त्यांना मांजरकाका म्हणू लागली. शिंका तेवढ्या राहिल्या.

एकोणिसाव्या सोमवारी, "सूनबाईने केस खांद्यापर्यंत कापले. तिला शोभतात." अकरा वर्षं वाढवलेले केस. तिने आरशासमोर बसून, येतील त्या शिव्या मनातल्या मनात देत, ते कापले. वाईट म्हणजे ते शोभले. याचा तिला फार दिवस राग होता.

आणि एकोणतिसाव्या सोमवारी, "आज न्हाणीघरात पाय घसरला. हाड मोडलं नाही." हे पत्र वाचल्यावर सूनबाईने न्हाणीघराला बाहेरून कडी घातली. पण ती दाराशी दूध घ्यायला गेली तेवढ्यात जावकसाहेबांनी कडी काढली, आत गेले आणि घसरले. हाड मोडलं नाही. "बघ," फरशीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "मी कधी चुकीचं लिहितो का?"

ताईचं उत्तर दर गुरुवारी येई. जावकसाहेब त्याला हात लावत नसत. आवक त्यांच्या टेबलावरचं नव्हतंच. सूनबाई पाकीट फोडून वाचून दाखवी आणि ते डोळे मिटून ऐकत.

"तुझं पत्र मिळालं. वाचून आनंद झाला. इकडे सर्व ठीक. गुडघ्याला तेल लाव. सूनबाईस आशीर्वाद. असंच चालू दे."

तापाच्या वेळीही आनंदच झाला होता. न्हाणीघराच्या वेळीही. एकदा सूनबाईचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं.

"बाबा, आत्यांनी हे सोमवारीच लिहिलंय. आपलं पत्र तर त्यांना बुधवारी मिळतं."

"आलेल्या पत्राची तारीख बघणं हे आवकचं काम," डोळे न उघडता जावकसाहेब म्हणाले. तिनेही मग तो विषय सोडून दिला. तिला पुढच्या सोमवारच्या बातमीची काळजी होती.

छत्तिसाव्या सोमवारी, साधीच बातमी होती, खिडकीच्या काचेला तडा, ते पत्र पेटीत टाकून ती परत आली आणि पुढचं पाकीट बघून ठेवावं म्हणून खोक्यात हात घातला. सदतिसावं हाती आलं. त्याच्यामागे पंधरा पाकिटं होती, पण त्यांवर तारीख नव्हती, पत्ता नव्हता, आत कागद नव्हता. कोरी पाकिटं या घरात तिने पहिल्यांदाच बघितली. तिने सदतिसावं उघडलं.

"ती. ताईस, शिरसाष्टांग नमस्कार. आज सकाळी साडेदहा वाजता मी वारलो. फारसा त्रास झाला नाही. सोमवार असल्याने सूनबाई घरी होती, हे सोयीचं झालं. हवा बरी आहे. कळावे. तुझा धाकटा भाऊ."

सूनबाई तशीच पत्र घेऊन बाहेर आली. जावकसाहेब पेन्सिलींना टोक करत बसले होते.

"हे काय आहे?"

"सदतिसावं."

"ते दिसतंय मला! हे असं का लिहिलंत?"

जावकसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. थोडे ओशाळल्यासारखे झाले.

"पुढचं सुचेना गं. नऊ दिवस लिहीत होतो. सदतिसाव्याला येऊन हात थांबला. नळ झाला, ताप झाला, मांजर झालं. आता माझ्याकडे नवीन बातमी काय असणार? दोन दिवस विचार केला. एकच शिल्लक होती, ती लिहिली."

"मग कोरी ठेवायची पुढची!"

"कोरीच आहेत ती. पण पत्र पाठवायला काही नाही आणि माणूस मात्र बसून आहे, हे बरं दिसतं का?"

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की तिला रडूही आलं नाही. रात्री नवऱ्याला पत्र दाखवलं तेव्हा आलं.

चिरंजीवांनी पत्र दोनदा वाचलं. "अगं, पण बाबांचं आजवर एक तरी पत्र खोटं निघालंय का?"

"ते खोटं निघालं नाही कारण मी निघू दिलं नाही!"

चिरंजीवांचा चेहरा पडला. मग ते म्हणाले, "सोमवारी मला रजा टाकावी लागेल. कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

नवऱ्याचा उपयोग एवढाच, हे तिला ठाऊक होतं. तिला भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. छत्तीस सोमवार तिने या माणसाच्या हातात खरं झालेलं पत्र ठेवलं होतं. नळ तिने तोडला, मांजर तिने आणलं, केस तिने कापले. लिहिलं की तसं घडतं, हे सासऱ्यांना दुसऱ्या कुणी शिकवलं नव्हतं. आणि तिची आई गेल्यापासून तिला या जगात "जेवलीस का?" असं विचारणारं हे एकच माणूस होतं.

बुधवारपासून जावकसाहेब जिना चढताना मधे थांबू लागले. जेवण अर्ध्यावर आलं. तिने डॉक्टर बोलावले. डॉक्टर म्हणाले, नाडी उत्तम आहे, छाती साफ आहे, यांना काहीही झालेलं नाही. "बरोबर आहे," जावकसाहेब म्हणाले, "अजून सोमवार कुठे आलाय?" शुक्रवारी त्यांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. शनिवारी मांजरकाका येऊन चौकशी करून गेले की सोमवारी नक्की किती वाजता, कारण अकराला मांजराला टोचायला न्यायचं होतं.

"काका, लाज वाटत नाही का?"

"वाटते ना. म्हणूनच आधी विचारलं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे खोडच माणसाला घेऊन चालली होती. या घरात आता कोणाचं ऐकलं जाणार नाही, हे सूनबाईला कळून चुकलं. ज्याचं ऐकलं जाईल असं एकच माणूस उरलं होतं. तिने दुकानात रविवारची सुट्टी सांगितली आणि पहाटेच्या बसने आत्याकडे गेली.

आत्या एक्क्याऐंशी वर्षांची होती. दोन खोल्यांचं घर, खिडकीत टेबल, टेबलावर शाईची दौत. दार उघडून तिने सूनबाईकडे नवलाने बघितलं.

"केस कधी कापलेस गं?"

"मे महिन्यात! पत्रात होतं की, आत्या!"

"असेल, असेल. अजून तिथवर आले नाही मी."

सूनबाई आत आली. भिंतीतल्या फळीवर सुतळीने बांधलेला गठ्ठा होता. सासऱ्यांचं अक्षर, सासऱ्यांचा गोंद. पस्तीस पाकिटं, आणि वर या बुधवारी आलेलं छत्तिसावं. एकही फोडलेलं नव्हतं.

"तुम्ही ती वाचतच नाही?"

"वाचते तर! डिसेंबरात सगळी एकदम वाचते. असं तुकड्यातुकड्याने वाचून गोष्टीची मजा जाते बघ."

"पण मग दर आठवड्याला उत्तर?"

आत्याने टेबलाचा खण ओढला. आत पाकिटं ओळीने उभी होती. प्रत्येकावर जावकसाहेबांचा पत्ता, पिनकोडखाली रेघ. "ती मी मागल्या वर्षीच लिहून ठेवलीत. आमचे वडील पोस्टमास्तर होते. त्यांनी आम्हाला एकच शिकवलं, टपालाला आपल्यासाठी थांबायला लावायचं नाही. दर सोमवारी एक पेटीत टाकते."

खाण तशी माती. सूनबाई खुर्चीत बसली, उठली, परत बसली. मग तिचा तोल गेला.

"नळ मी पान्याने तोडला, आत्या! नवऱ्याला गॅसपुढे भाजला! त्या बिचाऱ्या काकांच्या गळ्यात मांजर बांधलं, ते अजून शिंकतायत! अकरा वर्षांचे केस! कशासाठी? तुम्हाला खोटं पत्र जाऊ नये म्हणून! आणि तुम्ही ते फोडलंसुद्धा नाहीत!"

"मग सांगायचं ना," आत्या गोंधळून म्हणाली. "मी कुठे म्हटलं होतं नळ तोड म्हणून?"

"आणि उद्या ते मरणार आहेत," सूनबाई म्हणाली. तिने पर्समधून सदतिसाव्याची उतरवून घेतलेली नक्कल काढली.

आत्याने ती वाचली. वाचून कागद मांडीवर ठेवला आणि किती तरी वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिली.

"माझ्याआधी?" ती म्हणाली. "धाकट्याने? चार वर्षांचा होता तेव्हा मांडीवर घेऊन त्याला तिकिटं चिकटवायला शिकवलं मी. जिभेला डिंक लागला की रडायचा."

"बातमी संपली म्हणतात. पुढे लिहायला काही उरलं नाही म्हणतात."

"तुम्ही दोघांनी रडून बघितलं असेल त्याच्यापुढे."

"बघितलं."

"उपयोग नाही. त्याच्यापुढे रडलं की तो समजूत घालतो आणि आपलं तेच करतो. लहानपणी तापाने निपचित पडला होता तेव्हाही आई रडत बसली होती. मी जाऊन त्याची पेन्सिल मोडली, तेव्हा उठून बसला." आत्याने खणातलं पुढचं पाकीट काढलं. "हे घे. उद्याचं आहे. आतलं अक्षरही बदलणार नाही मी, तारीख पडलेली आहे. पण हे पेटीत टाकू नकोस. हस्तबटवडा कर. हातोहात दे, पोच म्हणून त्याची सही घे, आणि वाचायलाही त्यालाच लाव. तू वाचून दाखवू नकोस."

"एवढ्याने होईल?"

"मला काय ठाऊक, पोरी?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे त्याला पाठवायला दुसरं काय आहे?"

सोमवारी सकाळी दहा वाजता जावकसाहेब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. समोर नोंदवही, गोंद, सदतिसावं पाकीट. चेहरा ओढलेला आणि ओठ पांढरे पडलेले. चिरंजीव रजा टाकून भिंतीला टेकून उभे होते. आदल्या रात्री त्यांनी घड्याळ अर्धा तास मागे केलं होतं, पण जावकसाहेबांनी सकाळी पहिलं काम म्हणून ते बरोबर लावलं.

"जुळवणी करून घेऊ," जावकसाहेब म्हणाले. "सोमवार, हो. सूनबाई घरी, हो. हवा?"

"बरी आहे," चिरंजीव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"मग राहिली एकच बाब. वीस मिनिटं आहेत." त्यांचा श्वास खरंच लहान लहान होत चालला होता. सूनबाईने पाकीट पुढे केलं.

"बाबा, टपाल आहे. तुमच्या नावचं."

"आवक माझ्याकडे नाही, तू बघ."

"हस्तबटवडा आहे. सही तुमचीच लागेल."

सही म्हटल्यावर जावकसाहेबांचा हात आपसूक पेनाकडे गेला. त्यांनी तिच्या कागदावर सही केली, खाली वेळ घातली, दहा वाजून बारा मिनिटं. मग पाकीट हातात घेऊन ते बघत राहिले. अडतीस वर्षं आणि वर निवृत्तीची आठ, त्यांनी हजारो पत्ते लिहिले होते. स्वतःचं नाव दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं असं हातात धरून ते पहिल्यांदाच बघत होते.

"पिनकोडखाली रेघ मारते अजून," ते पुटपुटले. "वाच."

"माझा चष्मा दुकानात राहिलाय."

चष्म्याच्या दुकानातल्या बाईने हे म्हणावं! पण वेळ थोडा होता. जावकसाहेबांनी स्वतः पाकीट फोडलं आणि सवयीने आधी तारीख बघितली.

"आजची तारीख? आजच लिहिलं आणि आजच इथे?" त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि हे उत्तर कशाचं? सदतिसावं तर अजून माझ्यासमोर आहे!"

"समोरच आहे," सूनबाई म्हणाली.

जावकसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. "'तुझं पत्र मिळालं.' कुठलं मिळालं? 'वाचून आनंद झाला.'"

ते थांबले. परत वाचलं.

"आनंद झाला? मी मेलो हे वाचून हिला आनंद झाला?"

"पुढे 'असंच चालू दे' असंही आहे," मागून वाकून बघत चिरंजीव म्हणाले आणि लगेच भिंतीला जाऊन चिकटले.

"असंच चालू दे!" जावकसाहेब उभे राहिले. "आणि गुडघ्याला तेल लाव म्हणते! कोणाच्या गुडघ्याला? मेलेल्या माणसाच्या?" त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभरात पहिल्यांदा रक्त चढलं. "म्हणजे हिने हे आधीच लिहून ठेवलंय! न वाचता! अरे, आधी ती गोष्ट घडू तर द्यायची! घडण्याआधीच लिहून मोकळं व्हायचं, ही काय पद्धत झाली?"

खोलीतली बाकी दोन माणसं फरशीकडे बघत राहिली.

"सगळी अशीच आहेत का? पहिल्यापासून?"

"सगळी," सूनबाई म्हणाली. "आणि तुमची पत्रं त्यांनी अजून फोडलेली नाहीत. डिसेंबरात वाचणार आहेत."

"नळसुद्धा नाही वाचला?"

"नळ नाही. मांजर नाही. तुम्ही न्हाणीघरात पडलात तेही नाही."

"कागद आण!" जावकसाहेब गरजले. "पेन आण. नको, पेन आहे. कागद!"

ते बसले आणि लिहू लागले. हात थरथरत होता, अक्षर वेडंवाकडं येत होतं, पण ते थांबेनात. चार ओळी खोडल्या, त्यावर पुन्हा लिहिलं. खाडाखोड करताना सूनबाईने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ती पत्राकडे बघत नव्हती. ती घड्याळाकडे बघत होती. दहा एकोणतीस. दहा तीस. काटा तिथे जरा जास्तच वेळ रेंगाळला असं तिला वाटलं. दहा एकतीस.

दारात मांजरकाका मांजर घेऊन उभे होते. "झालं का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं आणि शिंकले.

"काका, तुम्ही जा मांजराला टोचायला," सूनबाई म्हणाली. "इथे वेळ लागेल."

पावणेबारापर्यंत चार पानं झाली. जावकसाहेब घामाघूम झाले होते आणि त्यांना भूक लागली होती, तसं त्यांनी सांगितलंही. चिरंजीव चहा ठेवायला धावले.

"आणि या सदतिसाव्याचं काय करू, बाबा?" सूनबाईने विचारलं.

"रद्द. मजकूर जुळत नाही." त्यांनी पानं एकावर एक नीट लावली, पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यावर पेन टेकवलं आणि अडखळले. अडतीस वर्षं आणि वर आठ. त्यांनी मान वर केली.

"सूनबाई, आज तारीख काय गं?"

तिने सांगितली. जावकसाहेबांनी तारीख घातली, कोरं पाकीट ओढलं आणि पत्ता लिहू लागले.

"मग पुढच्या सोमवारी काय लिहिणार आत्यांना?" तिने विचारलं.

"ते आत्ताच कसं सांगू?" जावकसाहेब वैतागून म्हणाले. "आधी सोमवार तर येऊ दे."